आमेनच्या आधी

दार पहिल्यांदा करकरलं तेव्हा ताईची प्रार्थना जेमतेम सुरू झाली होती. गेला एक, तिने मनात म्हटलं आणि डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.

चर्चच्या मागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी तरुण संघ असाच गोल बसायचा, हातात हात धरून. रीत ताईनेच घालून दिलेली. आधी ती प्रार्थना करायची, मग उजवीकडचा हात हलकेच दाबायची. ज्याला मोठ्याने प्रार्थना करायची असेल त्याने करावी, ज्याला नसेल त्याने नुसता पुढच्याचा हात दाबावा. तो दाब गोल फिरून तिच्या डाव्या हातात परत आला की ती आमेन म्हणायची. सात पोरं आणि ती. बहुतेक जण नुसता हात दाबून मोकळे व्हायचे, त्यामुळे फेरी चटकन आटपायची.

दुसरा नियमही तिचाच. "कंटाळा आला तर माझी प्रार्थना चालू असताना खुशाल उठून जा. मी डोळे उघडणार नाही आणि नंतर विचारणारही नाही." गिटारवाला म्हणायचा, ताईची प्रार्थना म्हणजे मारुतीचं शेपूट, तेवढ्यात माणूस घरी जाऊन जेवून परत येईल. पण दोन वर्षांत उठून कुणी गेलं नव्हतं. आज दार पुन्हा करकरलं. मग तिसऱ्यांदा.

जाणारच, तिला वाटलं. मघाशीच तिने सांगून टाकलं होतं, आजचा शनिवार शेवटचा. चर्चच्या पंचांचं तसं ठरलं होतं. "सात डोक्यांना संघ म्हणत नाहीत, शेजारपाजार म्हणतात," सेक्रेटरी म्हणाले होते, आणि पाळकांनी मान खाली घातली होती. पोरांनी सगळं ऐकून घेतलं. मग नेहमीसारखे एकमेकांचे हात धरले. तेच तिला लागलं होतं.

सेक्रेटरींची दुसरी तक्रार पायऱ्यांवरच्या पोरांची. चर्चच्या पुढच्या पायऱ्या चांगल्या ऐसपैस, सावलीतल्या. शनिवारी तिथे पंधरा-वीस पोरंपोरी ठिय्या देऊन बसायची, हातात फोन, पायाशी स्केटबोर्ड. ताईने त्यांच्यासाठी दाराशी चार्जिंगचा बोर्ड लावून दिला, पाण्याचा जार ठेवला. "देवाशी घेणं ना देणं, नुसती वीज खातात," असं सेक्रेटरींचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. पहिल्याच दिवशी एका स्केटबोर्डवालीने ताईला बजावलं होतं, "आम्ही देवबिव मानत नाही हं."

"बरं. पाणी मानतेस ना? मग घे."

आत या, असं मात्र ताईने त्यांना कधीच म्हटलं नाही. पाण्यामागून उपदेश पाजायला गेलं की पाणीही कडू लागतं, असं तिचं मत.

चौथ्यांदा दार वाजलं. पाचव्यांदा. उरले दोघं, तिच्या दोन्ही बाजूंचे. ताई लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त घ्यायची, तिला हात ओळखू येत. उजवीकडे गिटारवाला, बोटांना तारांचे घट्टे पडलेला. डावीकडे पाळकांची धाकटी, हात नेहमीसारखा गारठलेला. हे दोघं बिचारे संकोचापायी अडकलेत, तिला वाटलं. तिला रडू आलं, आणि ते तिने अडवलं नाही.

पण कुणी दारात अर्धवट सापडायला नको, म्हणून तिने प्रार्थना लांबवली. गेलेल्या पाचांसाठी एकेक करून मागितलं. जुळ्या बहिणींच्या आईचं ऑपरेशन. बेकरीवाल्याची पहाटेची पाळी. नर्सिंगवालीची परीक्षा, आणि कॉलेजच्या तिसऱ्या वर्षीही न सुटलेली नखं खायची सवय. अबोल चित्रकारासाठी काय मागावं ते तिला दोन वर्षांत कळलं नव्हतं. त्याच्यासाठी तिने नुसते आभार मानले.

मागे खुर्च्या सरकल्या. काहीतरी चाकांवर गडगडत आलं आणि भिंतीला टेकलं. वॉचमनकाकांनी आवराआवर सुरू केली वाटतं, ढकलगाडीसकट. त्यांनाही घर आहे म्हणा.

मागता मागता तिचं मन निवत गेलं. दोन वर्षं मिळाली. पोरं गुणाची मिळाली. कुणी खोटं खोटं बसून राहिलं नाही, मनात आलं तेव्हा दार उघडून गेलं. हेच तर तिने त्यांना शिकवलं होतं. आता तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

तिने प्रार्थना संपवली आणि गिटारवाल्याचा हात दाबला. आता मध्ये होतंच कोण? त्याने धाकटीचा हात दाबायचा, धाकटीने तिचा. एका श्वासाचं काम.

दाब आला नाही.

तिने पाचापर्यंत मोजलं. मग दहापर्यंत. गिटारवाल्याचा हात होता तिथेच होता, धाकटीचाही. विसरले असतील, नाहीतर दोघांनाही भरून आलं असेल. जाऊ दे, आज परत नाही आला म्हणून काय झालं? डोळे न उघडताच तिने आमेन म्हणायला तोंड उघडलं.

धाकटीने तिचा हात ओढला आणि कानाशी येऊन कुजबुजली, "थांब ना ताई, एवढ्यात नको. पाचही जण पायऱ्यांवरच्या सगळ्यांना आत घेऊन आलेत. माझ्यापर्यंत यायला वेळ लागणार."