न फुटणारी काच

शहर बसच्या नव्या नमुन्यात खिडक्या उघडत नसत आणि काचा इतक्या जाड होत्या, की सोलापूर बंदच्या दिवशी जमावाने बेभान दगडफेक करूनही त्यांना केवळ तडे गेले. चिडलेला जमाव अखेर मागे उभ्या असलेल्या जुन्या बसकडे वळला. त्याच क्षणी रस्त्यात जळणाऱ्या टायरची आग लागून नव्या बसच्या तळातून ज्वाळा उसळल्या, स्वयंचलित दरवाजा जागीच अडकला आणि धुराने प्रवाशांचे प्राण कंठाशी आले. चालक रामहरी याने काचेवर लाथा घातल्या, मदतीसाठी आक्रोश केला. परंतु त्याचा आवाज बाहेर पोहोचेना.

तेव्हा त्याने पायातील जोडा काढला आणि जाता जाता वळून पाहणाऱ्या सतीशला, म्हणजे जमावाच्या म्होरक्याला, काचेतून दाखविला.

"मला जोडा दावतो व्हय? थांब, तुला जित्ता ठेवत न्हाय," असे गर्जत सतीश धावत आला. तडा गेलेल्या जागीच बसलेल्या त्याच्या धोंड्याने काच फुटली आणि रामहरीचे कपाळही फुटले.



सतीशने दुसरा धोंडा उगारला, तोच रक्ताने माखलेल्या रामहरीने एक गुदमरलेली मुलगी त्या भगदाडातून बाहेर धरली आणि म्हणाला, "दादा, आदी हिला घ्या, मग मारा की मला."