कुंड्यांचं पाणी

स्ताम्काने आजही तांब्या भरून फाटकापाशी ठेवला. गाडी बाहेर पडली की तिच्या मागे पाणी ओतायचं, म्हणजे वाट सुरळीत होते. गाडी काही बाहेर पडत नसे. मग ते पाणी फाटकाजवळच्या जिरेनियमच्या कुंड्यांना जाई, आणि एवढी फोफावलेली फुलं अख्ख्या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या दारात नव्हती.

आज मात्र गाडी बाहेर जाणारच होती. स्वतःहून नाही तर ट्रॅक्टरच्या मागे, फरफटत. स्ताम्काचा थोरला मुलगा क्रुम सकाळीच दोर घेऊन आला होता. द्राक्षं उतरली होती, त्याच्या वाइनच्या पिपांना गॅरेज हवं होतं. आणि शब्द धाकट्या बहिणीने, बिल्यानाने, स्वतःच दिला होता. द्राक्षं उतरेपर्यंत सुरू झाली नाही, तर खुशाल भंगारात घाल.

बाबांची जुनी मॉस्कविच ती. बाबा गेल्यावर बिल्यानाने इंजिनाचा एकेक नट सोडवला, धुतला, परत बसवला. नखांतलं काळं आता कितीही घासलं तरी निघत नव्हतं. तिने किल्ली फिरवली. इंजिन गरगरलं, एकदा खोकलं, आणि कार्बोरेटरमधून फट्‌ करून जाळ आला.

"शिंकली बघ!" क्रुम म्हणाला. "नाक पूस तिचं, आणि मला दोर बांधू दे."

"दादा, थांब ना जरा."

"अजून किती थांबू? पेट्रोल येतंय?"

"येतंय."

"ठिणगी पडतेय?"

"पडतेय."

"मग प्लगच्या वायरी उलटसुलट लावल्या असशील."

"वायरींना हात लावायचा नाही!" बिल्याना एकदम खवळली. "बाबांची खूण आहे तिथे."

चार वायरींपैकी एकीला लाल-पांढरा धागा बांधलेला होता, मार्च लागला की तब्येत चांगली राहावी म्हणून सगळे मनगटाला बांधतात तसला. पहिल्या सिलिंडरची वायर ओळखू यावी म्हणून बाबा तो बांधत. तिच्यावरून पुढच्या तिघी लावायच्या. बिल्यानाने सगळ्या गाडीवर संशय घेऊन पाहिला होता, त्या धाग्यावर कधीच नाही.

"बाबांचा धागा कसा चुकेल?" ती म्हणाली. गाडी गेली की अंगणात बाबांचं काहीच उरणार नव्हतं.

स्ताम्का अंगणातल्या चुलीवर लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाबांचा कुठला? माझा आहे तो."

दोघंही वळली.

"त्यांचा काळाकुट्ट झाला होता. झाडं फुलली की धागा सोडून झाडाला बांधायचा असतो, पण त्या माणसाला कोण सांगणार! ते गेले त्या वसंतात मी सोडला आणि आलुबुखाराला बांधला. पुढच्या मार्चला नवा घातला. म्हटलं, निदान गाडीची तब्येत तरी राहू दे."

"त्याच वायरीला बांधलास ना, आई?"

"हाताला लागली तिला. डाव्या मनगटाला बांधा नाहीतर उजव्या, गुण यायचा तो येतोच."

क्रुम पोट धरून हसत सुटला. बिल्यानाला आईचा संताप आला, अगदी खराखुरा. पण तो टिकला नाही. चूक सापडली होती! इंजिनाची नव्हती, बाबांची तर नव्हतीच.

तिने पहिला प्लग काढला आणि भोकावर बोट दाबून धरलं. "दादा, हसून झालं असेल तर पुढचं हँडल फिरव. हळू."

दोर खाली टाकून क्रुम गाडीपुढे वाकला. हवेने बोटाला आतून जोरात ढकललं, तशी ती ओरडली, "बस्स!" वायरी जिथून निघतात ते झाकण उघडून तिने पाहिलं. या घडीला ठिणगी धाग्याच्या वायरीत जातच नव्हती. शेजारच्या वायरीत जात होती. तिने प्लग बसवला, चारही वायरी एकेक घर सरकवल्या. धागा सोडला आणि खऱ्या पहिल्या वायरीला घट्ट बांधला.

किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं! निळा धूर अंगणभर झाला, कोंबड्या पळाल्या, समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. गाडी थडथडली, आणि मग तिचा आवाज एकसारखा झाला. बिल्याना रडत होती आणि हसत होती, आणि तिला कशाचीच लाज वाटत नव्हती.

"सुरू झाली! सुरू झाली!" आपणच दुरुस्त केल्यासारखा क्रुम नाचत होता.

"दादा, ट्रॅक्टर मागे घे," ती खिडकीतून म्हणाली. "माझी वाट अडवलीयस."

क्रुम धावला. स्ताम्का तांब्याकडे निघाली, तर बिल्यानाने पुढचं दार उघडलं. "आई, बस."

"अगं, मग पाणी कोण ओतणार? आणि माझ्या मिरच्या?"

"दादा आहे की."

स्ताम्काने अॅप्रनला हात पुसले, डोक्याचा रुमाल नीट केला आणि नवऱ्याच्या गाडीत ऐटीत बसली. क्रुम परत आला तेव्हा तिने बसल्या जागेवरून फर्मान काढलं, "आधी पाणी. मग मिरच्या उलट, करपल्या तर बघ!"

गाडी फाटकातून बाहेर पडली. क्रुमने मागे तांब्या कलता केला, थोडं ओतलं आणि घरच्या सवयीने कुंड्यांकडे वळला.

स्ताम्काने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "सगळं ओत रे, क्रुम! आज कुंड्यांना थेंब देऊ नकोस!"