बायपासवरची सावली

अखिलाकडे गाडी नव्हती. वडील तंजावूरच्या बायपासपलीकडच्या दवाखान्यात होते, आणि दुपारचं जेवण पोचवायचं तर तिला हा रस्ता पायीच ओलांडावा लागे. गाडीवाल्यांना तिथे चालणारं माणूस दिसतच नसे.

त्या दुपारी ती डबा घेऊन कडेला ताटकळत उभी होती. वर झाड नाही, ढग नाही. तरी अचानक तिच्यावर गार सावली पडली. त्याच क्षणी साऱ्या गाड्या थांबल्या. इंजिनं गप्प झाली.

समोरच्या गाडीतून एक म्हातारे गृहस्थ उतरले. चपला काढून, हात जोडून ते तिच्या डोक्याच्याही खूप वर बघत राहिले.

"काय झालं, अय्या?" तिने विचारलं.

"वर बघू नका, अम्मा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तुम्ही चाला. तुमच्यामागून येतंय."

अखिला चालू लागली. सावलीही बरोबर निघाली. भीतीहून मोठं काहीतरी तिच्या छातीत दाटून आलं. पलीकडे पोचून ती बाजूला सरली, तेव्हा अंगावर ऊन आलं. तिने वळून पाहिलं.

थांबलेल्या गाड्यांच्या मधला रस्ता रिकामा होता. गाड्यांतून उतरलेली माणसं त्या म्हाताऱ्यांसारखीच हात जोडून उभी होती, आणि सावली अजून रस्ता ओलांडतच होती.