तब्येत स्टेबल

"काल सांगितलं तेच. क्रिटिकल, पण स्टेबल," डॉक्टर वृषाली चालता चालताच म्हणाली. सारजाबाईंनी मान हलवली.

वृषालीची ही सलग दुसरी ड्यूटी होती. डोळे चुरचुरत होते. अतिदक्षता विभागाच्या दारात रोज माणसं तेच विचारायची आणि ती तेच सांगायची. सणसरचे कुंडलिकआबा आणल्यापासून बेशुद्ध होते. मेंदूत रक्तस्राव झाला होता. पेशंट व्हेंटिलेटरवर आहे, रिस्पॉन्स नाही, प्रोग्नोसिस पुअर आहे, अशा शब्दांत तिनं त्यांच्या बायकोला, सारजाबाईंना, वाचण्याची आशा फार थोडी असल्याचं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाईंनी तेव्हाही अशीच मान हलवली होती.

हात धुऊन ती परतली तेव्हा सारजाबाई भिंतीला टेकून फोनवर बोलत होत्या. पलीकडं नाशिकला दिलेली लेक, श्रेया. ती निघते म्हणत होती आणि आई तिला थांबवत होती. अंगावर पितं लेकरू, एवढा लांबचा प्रवास कशाला, आबांना घरी नेलं की ये, असं समजावत होती.

"डॉक्टरीणबाई म्हणत्यात, श्टेबल हाय. म्हंजी धोका टळला. तू नगं येऊ."

वृषाली थबकली. आतून नर्स हाक मारत होती. तरी फोन ठेवेपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग सारजाबाईंच्या शेजारी फरशीवर बसली. स्टेबल म्हणजे धोका टळला असं नाही, फक्त तब्येत आहे तशीच आहे, हे सांगायला तिनं तोंड उघडलं आणि शब्दच सापडेनात. सापडले ते घरचे होते, सणसरच्याच भागातल्या तिच्या गावचे, निमगाव केतकीचे.

"मावशी, आबा आता उठायचं न्हाईत. मशीन श्वास देतंय म्हणून हायेत. लेकीला आजच बोलवा."

सारजाबाई रडल्या नाहीत. पदर सावरून त्या उठल्या. मग पुन्हा फोन लावून त्यांनी श्रेयाला निघायला सांगितलं.

श्रेया संध्याकाळी पोचली. भेटायची वेळ संपली होती, तरी वृषालीनं मायलेकींना आत सोडलं. बापाचा हात हातात धरून श्रेया हळू आवाजात बोलत राहिली. दिवस उगवायच्या सुमारास आबा गेले.

निघताना सारजाबाई वृषालीपाशी आल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"आपल्याकडच्याच हायसा व्हय तुमी? इतकं दिस मला वाटलं, तुमाला आपलं बोलणंच येत न्हाय."