डायनामोमागची तार

"काटा चढतोय का?" उस्तादांनी विचारलं.

"नाही, बाबा," मुलगा म्हणाला.

इंजिन चालू होतं, डायनामो फिरत होता. अशा वेळी मीटरचा काटा वर चढला की बॅटरी भरतेय असं समजायचं. काटा मात्र ढिम्म. तो स्वतः वाचायचा तर उस्तादांना मीटर नाकाला टेकवावा लागला असता, म्हणून त्यांनी तो मुलाच्या हातात दिला होता. डोळ्यांपुढचं धुकं दाट होत चाललं होतं. यावर ना चष्मा, ना ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते उस्तादांनी घरात कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. उभी हयात गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेली. वर्कशॉप मुलाला दिलं, हत्यारं दिली. स्वतःची म्हणावी अशी ही जुनी गाडी तेवढी राहिली. तीही सुटली की माणूस खुर्चीत जमा, असं त्यांचं ठाम मत.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी वळणावर एक सायकलवाला त्यांच्या गाडीखाली येता येता वाचला. "दिवेच मिणमिणते, मी तरी काय करू?" म्हणत उस्तादांनी सगळं खापर दिव्यांवर फोडलं. मुलाने निमूटपणे दुप्पट उजेडाचे नवे दिवे बसवले. समोरची भिंत चुना फासल्यासारखी पांढरी झाली. "अजून मंदच वाटतात," उस्ताद म्हणाले. मुलगा नुसता भिंतीकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी गाडी फाटकापर्यंत गेली आणि बंद पडली. बॅटरी रिकामी. इंजिन आता धक्का मारून सुरू केलं होतं.

आज बाकावर शाळेच्या बसचा मालकही बसला होता. बसची सगळी वायरिंग नव्याने करायची होती आणि मुलाच्या वर्कशॉपला इतकं मोठं काम पहिल्यांदाच मिळत होतं. बसची किल्ली त्याने टेबलावर ठेवलीसुद्धा होती.

"नवे दिवे ओढतात किती, डायनामो देतो किती, याचा विचार तरी केला होतास का?" उस्तादांचा पारा चढला. मग ते बसमालकाकडे वळले. "शेठ, याच्या हाती गाडी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत."

बोलताना त्यांना आतून लाज वाटत होती. पोराचा एकही जोड कधी सैल निघाला नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण दिवे गुन्हेगार होते तोवरच डोळे निर्दोष होते. जीभ थांबली नाही.

"माझंच चुकलं असेल," मुलगा म्हणाला.

बसमालकाने किल्ली उचलून खिशात टाकली. "लहान मुलांची बस आहे हो. जरा विचार करतो." तो निघाला आणि मुलगा त्याला सोडायला फाटकापर्यंत गेला.

उस्तादांनी इंजिन बंद केलं आणि डायनामोच्या मागे हात घातला. बोटांना कुठे उजेड लागतो? एक तार जागेवर नव्हती. निसटली नव्हती, काढलेली होती. टोकाला टेप गुंडाळून तिचा शेवट दुमडून ठेवला होता, छोट्या कानासारखा. ही याच वर्कशॉपची रीत. कायमची तोडलेली तार साफ गुंडाळायची. आपणच पुन्हा जोडायची असेल तर असा कान ठेवायचा, म्हणजे टेप नखाने सुटते. ती रीत उस्तादांनी काढली होती आणि फक्त मुलाला शिकवली होती.

म्हणजे पोराला सगळं कळलं होतं. 'बाबा, तुम्हाला दिसत नाही' असं तोंडावर बोलायला त्याची जीभ रेटली नाही, म्हणून त्याने गाडीच आजारी पाडली. आणि वर परक्या माणसासमोर बापाची बोलणी खाल्ली. उस्तादांची कानशिलं तापली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तार जोडायला फार तर मिनिट लागलं असतं. काटा चढला असता, गाडी त्यांची राहिली असती. त्यांनी तारेवरून हात काढला.

"शेठ, थांबा," ते ओरडले आणि लगबगीने फाटकाकडे गेले. बाहेर लख्ख ऊन होतं. त्या उन्हात दोन काळ्या आकृत्या उभ्या होत्या. पुढच्या आकृतीचा हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"शेठ, गाडीत काही दोष नाही. मलाच दिसत नाही. लोकांना कळू नये म्हणून मी पोराच्या नावाने शंख केला. त्याचं काम माझ्यापेक्षा चोख आहे. मी चुकलो. बस त्यालाच द्या."



"बाबा," समोरची आकृती हळूच म्हणाली, "शेठ मागे उभे आहेत. हा मी आहे."