अमेरिकन गाडी, इंदापुरी पाटे

“उतरा म्हनते ना सगळी! माजी लेक मरायला टेकलीय आन तुमी गाडी भरताय?”

इंदापूरच्या मोटार-स्टँडवर तानूबाई एकेकाला दंडाला धरून खाली ओढत होती. मागच्या बाकावर तिची मुक्ता कळांनी तळमळत होती. मूल आडवं आलं होतं. सुईणीनं हात टेकले होते. आता बारामतीचा दवाखाना गाठला तरच काही आशा होती. आणि हा सर्व्हिस मोटार चालवणारा सावळाराम पुढच्या बाकावर चौथं माणूस कोंबत होता! संताप येणार नाही तर काय?

लोक ओशाळून उतरले आणि वडाखाली जाऊन बसले. सावळारामनं गाडी तशीच रिकामी काढली.

गाडी अमेरिकेची. तिकडच्या लोकांना म्हणे गाडीत गादीवर लोळल्यासारखं वाटावं लागतं, म्हणून खालचे स्प्रिंगचे पाटे मऊ. चढावर गिअर बदलायचा त्यांना कंटाळा, म्हणून इंजिन दांडगं. इंग्रज साहेबाला उलट लहान इंजिन आणि कडक बैठक आवडते. आमच्या मुलखाची आवड कोणी कशाला विचारतोय? ती एवढीच, की लोंबकळायला जागा असेतो गाडी सुटता कामा नये. सावळारामचे मऊ पाटे महिन्याभरात मोडले. मग त्यानं लोहाराकडून टांग्याचे जाड पाटे ठोकून घेतले. पाच जणांच्या गाडीत पंधरा जण बसत आणि ते दांडगं इंजिन बिनतक्रार ओढत राही. रिकामी अशी ती कधी धावलीच नव्हती.

आज धावली. खडीच्या रस्त्यावर ती नुसती उडत आणि आदळत होती. दर खड्ड्याला मुक्ता किंचाळे. मैलभरही गेले नसतील, तोच सावळारामनं गाडी माघारी वळवली.

वडापाशी येऊन तो ओरडला, “चढा सगळे! भाडं नगं, नुस्तं बसा!”

“माज्या लेकीच्या नरड्याला नख लावतुयास व्हय रं?” तानूबाई कडाडली.

“मावशे, वज्याबिगर ह्ये पाटं वाकत न्हाईत. गाडी भरंल तवाच दणकं थांबत्याल.”

तिला ते अजिबात पटलं नाही. माणसं मात्र चढली. काटेवाडीला निघालेले झुंबरतात्या आणि त्यांचे सोबती फूटबोर्डवर, कोणी मडगार्डवर, कोणी मागं सामानाच्या जाळीवर. मुक्ताच्या अंगावर पासोडी टाकली गेली आणि पुरुषांनी तोंडं रस्त्याकडे फिरवली. गाडी खाली बसली आणि चालू लागली. तानूबाईच्या शिव्या चालूच होत्या. हळूहळू मुक्ताचं किंचाळणं थांबलं. ती नुसती कण्हत राहिली.

काटेवाडी आली. झुंबरतात्यांचं हेच गाव. ते फूटबोर्डवरून खाली उतरले, त्यांच्या मागोमाग त्यांचे सोबतीही उतरू लागले. तानूबाईनं बाहेर वाकून तात्यांचं धोतर गच्च धरलं.

“तात्या, उतरू नका वो! बारामतीपतुर चला, तुमच्या पाया पडते!”