नदीकाठचं परवडणारं घर

कचेरीतून पेन्शनीत निघाल्यापासून इंद्रभानजी दिवसभर चुलीपाशी बसून मंजुळाबाईंना फोडणी कशी द्यावी ते शिकवत होते. आता त्यांना मासे धरायला नदीकाठी, पेन्शनीत परवडेल असं घर हवं होतं. बायको काय म्हणते, एवढीच धाकधूक होती.

दोघं घरं पाहायला निघाले. मासे किती लागतात, असं मंजुळाबाईंनी विचारताच मेहकरच्या घरमालकानं छाती फुगवून सांगितलं, "बाई, गळ टाकला का मासा लागलाच समजा!"

"नाई जी, हे घर आपल्याले नको," मंजुळाबाई म्हणाल्या. इंद्रभानजींचं तोंडच उतरलं.

पुढच्या गावचा घरमालक ओशाळून म्हणाला, "खोटं काऊन बोलू बाई? सकाळपासून बसा, तवा दिवस बुडता बुडता एखांदा लागते."

मंजुळाबाई एकदम खुलल्या.

"अहो, हेच घ्या! भाकर मी नदीवरच धाडत जाईन."